पाठमोऱ्या

देवश्री पवार म्हैसूरच्या एका पदवीपूर्व कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पवारांचं घराणं कधीकाळी सैन्याच्या मागोमाग इकडे आलं आणि इथलंच होऊन राहिलं. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून आलेल्या पाहुण्याला पहिले दोन दिवस नुसतं हसून वेळ मारून न्यावी लागे. नजरबादेतल्या जुन्या कौलारू घरात ती आणि तिचे वडील मनोहरराव, दोघंच राहत. मनोहरराव रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. देवश्रीने लग्न केलं नव्हतं आणि लोकांनी आता विचारायचंही सोडलं होतं.

लढणाऱ्या माणसाचा पिंड तिचा नव्हता. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराला उठवतानासुद्धा तिला अवघडल्यासारखं व्हायचं. ती या सगळ्यात आली ती शरण्यामुळे.

शरण्या तिच्या वर्गातली मुलगी, बन्नूरजवळच्या एका खेड्यातून बसने येणारी. एके दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाली की बापाला स्टेशनात नेलंय, पाण्याची मोटर चोरीला गेली त्याच्या चौकशीला, तेव्हा आज प्रॅक्टिकलला बसत नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की बाप गेला. सिद्दराजु त्याचं नाव, दगडाच्या खाणीत कामाला होता. छातीत कळ येऊन गेला, असं पोलिसांचं म्हणणं. शरण्याची आई चिक्कतायम्मा शुद्धीवर नव्हती आणि शवागारात मुलीबरोबर जायला कोणी पुढे येईना, म्हणून देवश्री गेली. अंगावर घातलेली चादर आखूड होती. पाय बाहेर राहिले होते. तळवे पिकल्या जांभळासारखे झाले होते, टाचेपासून बोटांपर्यंत. हृदयाचं दुखणं पायाच्या तळव्यांतून वर चढत नाही, एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. देवश्रीने जे पाहिलं ते ती विसरू शकली नाही आणि कोणी विचारलं तर नाकारूही शकली नाही. तिच्या सगळ्या धैर्याची गोष्ट एवढीच.

विचारलं ते वनजाक्कांनी. वनजाक्का वकील, साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. जुन्या स्कूटरवरून कोर्टात जायच्या आणि अशी प्रकरणं कोणाची वाट न बघता अंगावर घ्यायच्या. त्यांनी ठरवलं की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा कचेरीसमोर झाडाखाली बसायचं. घोषणा नाहीत, भाषण नाही. सिद्दराजुचा फोटो पुढे ठेवायचा, तोंडाला काळी फीत बांधायची, तासभर बसून उठायचं आणि उठताना जागा झाडून काढायची. दहा-बारा माणसं जमत. चिक्कतायम्मा फोटो मांडीवर घेऊन बसे.

सुरुवातीला पोलीस लांब उभं राहून हसत. मग एक जण व्हिडिओ कॅमेरा घेऊन येऊ लागला. मंडईत भाजी निवडावी तसा तो एकेक चेहरा निवांत टिपत जायचा, परत मागे येऊन पुन्हा टिपायचा. त्यानंतर प्राचार्यांनी देवश्रीला बोलावून घेतलं. वरून विचारणा होते मॅडम, एवढंच ते म्हणाले, आणि तिला खुर्ची द्यायला विसरले.

मग एका संध्याकाळी ती घरी आली तर मनोहरराव खुशीत होते.

"एक मनुष्य आला होता गो. चांगला होता. माझ्या बीपीचं विचारला, वर्कशॉपातले दिवस विचारला. काफी दिलो."

"कोण होता, अप्पा?"

"पोलीस की. साध्या कपड्यात होता. तू कितीला येतीस, कुठल्या वाटेनं येतीस, तेवढंच विचारून गेला. सुम्ने, उगीच काळजी करू नको."

देवश्रीने त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने येण्याची वाट बदलली. त्या नव्या वाटेवरच्या मोसंबीच्या रसाच्या गाड्यापाशी तोच साधा शर्टवाला उभा होता. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याने हात वर करून नमस्कार केला तेव्हा तिला ओळख पटली.

एप्रिलातल्या सोमवारी ऊन सकाळपासूनच पेटलं होतं. बसायची परवानगी आधी मिळाली होती. त्या सकाळी ती काढून घेतली गेली, आणि हे सांगायला अधिकाऱ्याऐवजी दोन गाड्याच आल्या. फोटो चिक्कतायम्माच्या मांडीवरून उचलला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त हात तसेच धरून राहिली, फोटो अजून तिथेच असल्यासारखे. पुरुषांना मोठ्या गाडीत घातलं. वनजाक्का, चिक्कतायम्मा आणि देवश्री यांना लहान व्हॅनमध्ये. फोन काढून घेतले. एका महिला कॉन्स्टेबलने चपला काढायला लावल्या, तपासायच्या आहेत म्हणून. वनजाक्का कायद्याची कलमं सांगू लागल्या तेव्हा त्यांना पहिल्याच चौकात उतरवून दुसऱ्या जीपमध्ये बसवलं. दार लागताना त्या एवढंच म्हणाल्या, "देवश्री, काय काय होतं ते लक्षात ठेव."

पुढे बन्नूरच्या रस्त्याला चिक्कतायम्माला तिच्या गावच्या फाट्यावर सोडलं. देवश्रीला वाटलं, आता आपल्याला परत नेतील. व्हॅन वळली नाही. ऊस मागे पडला, भाताची रिकामी शेतं मागे पडली, नरसीपूर गेलं, कावेरीवरचा पूल गेला. कुठे नेताय, हे तिने पुन्हा पुन्हा विचारलं. महिला कॉन्स्टेबल खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिला स्वतःलाही ते ठाऊक नसावं, अशी ती बसली होती.

तलकाडला व्हॅन थांबली. देवळांकडे नाही, जिथे यात्रेकरू आणि नारळाची दुकानं असतात तिथे नाही. नदीच्या अंगाला, नीलगिरीच्या झाडांपलीकडे, जिथून वाळूचे ढिगारे सुरू होतात आणि माणूस म्हणून दिसत नाही. मागून एक जीप येऊन उभी राहिली. तिच्यातला इन्स्पेक्टर उतरला, अदबीने बाजूला झाला.

"उतरा, मेडम."

"माझ्या चपला?"

"देवाच्या गावात चपला कशाला?" तो हसून म्हणाला.

व्हॅन वळून गेली. जीप राहिली.

एप्रिलातल्या भर दुपारच्या वाळूत अनवाणी उभं राहता येत नाही, म्हणून ती चालू लागली. तिच्यामागे जीप चालू लागली. ती जलद चालली की जीप जलद, ती हळू झाली की जीप हळू. वाळू संपून खडीचा कच्चा रस्ता लागला, तिथे ती एका झाडाच्या तोकड्या सावलीत थांबली. जीपही थांबली. इंजिन चालूच. थोड्या वेळाने हॉर्न वाजला, अगदी हलका, झोपलेल्याला उठवावं तसा. ती निघाली.

तिला कोणी हाक मारली नाही. कोणी शिवी दिली नाही, जीपमधून कोणी उतरलं नाही. नुसता तो आवाज, पाठीपासून हातभर अंतरावर वाटावा असा, आणि कधी कधी टायरखाली एखादा खडा फुटल्याचा. मानेवर गरम हवा यायची ती वाऱ्याची की इंजिनाची, हे तिला ठरवता येईना. मागे वळून बघावं तर पाय थबकणार, आणि थबकले तर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. ते त्यांनी मुद्दामच तिला कळू दिलं नव्हतं.

लहानपणी शाळेच्या सहलीत तलकाडची गोष्ट सांगत. राजाचे शिपाई मागे लागले म्हणून एका राणीने इथे नदीत उडी घेतली आणि जाताना शाप दिला की या गावाची वाळू होवो. मुलांना शापाचंच आकर्षण असतं, देवश्रीलाही तेच होतं. त्या दुपारी तिच्या मनात आलं की शिपाई राणीच्या मागे किती लांबपासून चालत होते, हे गोष्टीत कोणी सांगतच नाही.

देवळांजवळचं पहिलं दुकान आलं तेव्हा तिच्या पायांना फोड येऊन फुटलेही होते. तिने चपला मागितल्या. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि आत निघून गेला. पुढच्या टपरीतल्या म्हातारीने तोंड दुसरीकडे वळवलं, आणि तसंच वळवलेलं ठेवून तांब्याभर पाणी तिच्या पायांवर ओतलं. दुसरा तांब्या हातात दिला, तो देवश्री उभ्याउभ्या प्याली.

बसमध्येही तिला जीप दिसत राहिली, मागच्या काचेतून, बन्नूरपर्यंत. बन्नूरच्या स्टँडवर बस थांबून निघाली आणि मग जीप नव्हती. तिला वाटलं होतं, जीप गेली की सुटल्यासारखं वाटेल. उलट झालं. जीप मागे होती तोवर ती कुठे आहे हे तरी माहीत होतं.

मनोहररावांनी दार उघडलं, त्यांची नजर खाली गेली आणि ते तिथेच जमिनीवर बसले. तिचा पाय त्यांनी हातात घेतला.

"काय केले गो तुला?"

"काही नाही, अप्पा. काही केलं नाही."

हे खोटं नव्हतं, आणि तीच अडचण झाली.

पाय पंधरवड्यात बरे झाले. बाकीचं तिच्या लक्षात हळूहळू आलं. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच तासाला ती फळ्याकडे वळली, पानाची आकृती काढायला, आणि तिचा हात थांबला. मागे चाळीस मुलं होती. त्यांचं कुजबुजणं, बाकांचं सरकणं, सगळं तिच्या मानेवर येऊन बसलं. ती वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि आकृती तोंडी सांगू लागली. तेव्हापासून ती फळ्याशी तिरकी उभी राहून, एक डोळा वर्गावर ठेवून लिहायची. अक्षर वेडंवाकडं यायचं. मुलांनी तिची नक्कल केली, मग कंटाळून सोडून दिली.

घरी मनोहररावांच्या सपातांचा आवाज स्वयंपाकघरात तिच्या मागे आला आणि तिच्या हातातलं सांबाराचं पातेलं पडलं. त्यानंतर घरात कुठूनही कुठे जायचं झालं की ते आधीच मोठ्याने सांगत, "मी येतोय गो, मी आहे." चांगला मनुष्य म्हणून ज्याला काफी दिली त्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तो ज्या खुर्चीत बसला होता ती त्यांनी माळ्यावर टाकली.

वनजाक्कांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवून सोडलं होतं. त्या तक्रार लिहायला आल्या तेव्हा अडखळल्या. मारलं का? नाही. अंगाला हात लावला? नाही. धमकी दिली? नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे जाणून करतात," त्या म्हणाल्या. "वळ उठला असता तर मी तो कोर्टाला दाखवला असता. हे कुठे दाखवू?"

तरी त्यांनी लिहिलं, वरपर्यंत पाठवलं, पाठपुरावा केला, आणि जुलैत चौकशी लागली. सरकारी विश्रामगृहातला दिवाणखाना होता. चौकशी अधिकारी सभ्य होते, चष्मा पुसत ऐकत होते. इन्स्पेक्टर समोरच्या खुर्चीत बसला होता, त्याच हसऱ्या चेहऱ्याने. त्याने सांगितलं की मॅडमना ताब्यात घेतलेलंच नव्हतं. गर्दीतून सुरक्षित बाहेर काढलं, आणि त्यांना तलकाडला देवदर्शन करायचं होतं म्हणून त्यांच्या विनंतीवरून तिथे सोडलं. एकटी बाई, म्हणून स्टँडपर्यंत जीप मागे ठेवली. कर्तव्य म्हणून.

"याचं चित्रण आहे, सर," तो म्हणाला. "बळजबरी कुठे दिसते ते आपणच बघा."

देवश्रीला चित्रणाचं माहीत नव्हतं. जीपमधून कोणी कॅमेरा धरला असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. एका कॉन्स्टेबलने लॅपटॉप टेबलावर ठेवून वळवला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी उघडल्या आणि त्याने घाईत भलतीवरच बोट दाबलं.

रस्ता दिसला. पण तो तलकाडचा नव्हता. दोन्ही बाजूंना तंबाखूची हिरवीगार शेतं, समोर एक टोकदार डोंगर आणि वर देऊळ. रस्त्यावर एक बाई चालली होती, पाठमोरी. हिरवी साडी, हातात मिटलेली छत्री, पाय अनवाणी. ऊन कडक असून तिने छत्री उघडली नव्हती. ती छत्री तिने पोटाशी आडवी धरली होती, लहान मूल धरावं तशी, आणि तिची टोकं कमरेच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती. चित्र तिच्यामागे सरकत होतं, तिच्याच चालीने.

"ही कोण?" वनजाक्कांनी विचारलं.

कॉन्स्टेबलने झटकन ते बंद केलं. पण बंद करताना पुन्हा त्या चौकटी दिसल्या, आणि या वेळी देवश्रीने नीट पाहिलं. प्रत्येक चौकटीत एक रस्ता होता आणि एक पाठ. सगळ्या बायकाच. एकीच्या कडेवर मूल होतं. कॉन्स्टेबलने योग्य त्या चौकटीवर बोट दाबलं.

मग तिने स्वतःला पाहिलं. आपण त्या दिवशी जवळजवळ पळत होतो, असं तिला वाटत आलं होतं. पडद्यावरची बाई सावकाश चालत होती, देवळाकडे निघालेल्या भाविकासारखी, आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती. तिच्या पोलक्याचा पाठीवरचा घामाचा डाग वाढत जाताना दिसत होता. किती वेळ ते चाललं कोण जाणे. कोणी थांबवा म्हणेना. आपलीच पाठ इतका वेळ बघण्याची माणसाला सवय नसते. त्या पाठीवर हात ठेवून तिला बाजूला घ्यावं, असं देवश्रीला वाटत राहिलं.

"बळजबरी दिसत नाही," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी चष्मा घातला.

बाकीची चित्रणं कोणाची, ती जप्त करून ठेवा, असं वनजाक्कांनी जोर लावून सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाला, प्रशिक्षणासाठी घेतलेलं काहीतरी असेल. अधिकारी बघू म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर वनजाक्का रागाने पुढच्या अर्जाची कलमं सांगत होत्या. देवश्री शांत होती. त्या डोंगराची कड, ते वरचं देऊळ तिला ओळखीचं होतं. दर वर्षी मुलांना घेऊन ती झाडपाला गोळा करायला ज्या डोंगरांवर जायची, त्यांतला तो एक होता. बेट्टदपुर.

पुढच्या रविवारी ती निघाली. बसमध्ये अगदी मागची जागा धरून बसली, म्हणजे पाठीला नुसता पत्रा. बेट्टदपुरला उतरून तिने दोन-तीन ठिकाणी विचारलं, की इथे कधी बायका कशासाठी तरी धरणं धरून बसल्या होत्या का. किराणा दुकानातल्या बाईने सांगितलं की हो, गेल्या वर्षी, शाळेला लागून दारूचं दुकान आलं तेव्हा बसल्या होत्या, रस्त्याकडेला, भजन म्हणत. पुढे कोण होतं? विशालाक्षी, अंगणवाडीतली. पण तिचं नाव काढू नका, बाई म्हणाली. तिला बाहेरचं लागलंय. डोंगराखालच्या रस्त्यावर काहीतरी मागे लागलं तिच्या. तेव्हापासून घराबाहेर पडत नाही. ताईत बांधला, लिंबू उतरवलं, नंजनगूडच्या देवळात नेऊन आणलं, उतार नाही.

विशालाक्षीच्या घराच्या भिंतीला पाठ लावून तिचा नवरा तंबाखूची पानं काठीला ओवत बसला होता. सरळ माणूस वाटला. बायको कोणाला भेटत नाही, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, थकवा होता. आत अंधार होता. देवश्रीला कळेना, कुठून सुरुवात करावी. शेवटी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच ती कन्नडमध्ये म्हणाली की मी म्हैसूरहून आले, मीही अशीच बसले होते, आणि मलाही पोलिसांनी चपला काढून रस्त्यावर सोडलं.

काठीवर ओवलं जाणारं पान तेवढं सळसळलं. मग आतून आवाज आला.

"तुमचा कुठला रस्ता?"

देवश्रीने सांगितलं, तलकाडचा. बाई पुढे आली. तरुण होती, पस्तिशीतली, डोळ्यांखाली काळं पडलेलं. ती भिंतीला धरून धरून आली आणि कोपऱ्यात बसली, जिथे दोन भिंती मिळतात तिथे. तिने जे सांगितलं ते देवश्रीला तोंडपाठ होतं. गाव तेवढं वेगळं. तिलाही कोणी हात लावला नव्हता. घरी येऊन तिने सगळं सांगितल्यावर नवरा स्टेशनात विचारायला गेला. त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की त्या दिवशी आमची कुठलीही गाडी त्या रस्त्याला गेली नाही. दारूच्या दुकानासमोर उन्हात बसून तुमच्या बायकोला भोवळ आली असेल. नवऱ्याने ते मानलं. गावाने मानलं. मग रोज रोज ऐकून तिनेही मानलं, आणि तेव्हापासून तिला रात्रंदिवस ती गाडी ऐकू येऊ लागली.

"मागे वळून मी बघितलंच नव्हतं," विशालाक्षी म्हणाली. "म्हणून मला सांगता येईना. खरंच काही असेल तर बघितलं असतं ना मी?"

"होती," देवश्री म्हणाली. "जीप होती. आतून कोणीतरी तुमचं चित्रण केलंय. मी पाहिलंय ते. हिरवी साडी होती तुमची. छत्री होती, उघडली नव्हती. पोटाशी धरली होती."

विशालाक्षीने नवऱ्याकडे पाहिलं. तो ओवायचा थांबला होता.

"छत्री होती ना माझ्या हातात?" तिने विचारलं.

"होती."

ती रडली नाही. दोन्ही हात तिने पोटाशी घेतले, तशीच बसून राहिली, आणि तिचा श्वास हळूहळू, खूप लांबून आल्यासारखा, मोठा होत गेला. नवरा उठून बाहेर गेला. तो गोठ्याच्या मागे जाऊन रडला, हे नंतर तिनेच सांगितलं.

उन्हं उतरायच्या आत देवश्री निघाली तेव्हा विशालाक्षी म्हणाली, स्टँडपर्यंत येते. वर्षात ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. दोघींपैकी कोणालाच पुढे व्हायचं नव्हतं, तेव्हा दोघी बरोबरीने चालल्या, जवळजवळ अख्खा रस्ता अडवून. थोडं गेल्यावर मागून इंजिनाचा आवाज आला. दोघींचं बोलणं तुटलं. आवाज जवळ आला, हळू झाला, मागेच राहिला. हॉर्न वाजला. विशालाक्षीची बोटं देवश्रीच्या मनगटात रुतली. देवश्रीला वाटलं, आता चालत राहायचं, नुसतं चालत राहायचं. आणि मग विशालाक्षीच वळली. तिच्या धरलेल्या हाताने देवश्रीही वळली. तंबाखूच्या पानांनी ओतू जाणारा ट्रॅक्टर होता. वरचा माणूस वैतागून विचारत होता की बायांनो, वाट देताय की नाही. दोघी कडेला झाल्या. ट्रॅक्टर गेला आणि मागे हिरव्या पानांचा उग्र वास राहिला.

वनजाक्का दोघींच्या तक्रारी घेऊन उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने चित्रणं हजर करा म्हणून सांगितलं, तेव्हा पोलिसांनी कळवलं की तो लॅपटॉप पावसाच्या गळतीत खराब झाला. इन्स्पेक्टरची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, बढतीवर. सिद्दराजुच्या प्रकरणात साक्षी सुरू झाल्या आहेत. शवागारात काय पाहिलं ते देवश्रीने कोर्टात सांगितलं, साक्षीच्या पिंजऱ्यात, मागे सगळं दालन भरलेलं असताना. सांगताना तिला घाम फुटला होता, पण ती वळली नाही. पहिल्या सोमवारी ती मंडळी अजून बसतात. विशालाक्षी दोन बस बदलून येते. कॅमेरेवालाही येतो, आणि आता तो आला की चिक्कतायम्मा फोटो उचलून त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरते.

त्या चौकटींतल्या बाकीच्या बायका सापडलेल्या नाहीत. किती होत्या हे वनजाक्कांना आणि देवश्रीला आठवतं त्यात फरक पडतो. चार असतील, पाच असतील. एका रस्त्याला नारळीची रांग होती, एका रस्त्याला पूल होता. त्यांतल्या कोणाकोणाला गावाने ताईत बांधला असेल, कोणाला घरच्यांनी वेडी ठरवलं असेल, कोण अजून मनाशी म्हणत असेल की आपल्या मागे काही नव्हतंच. बसने कुठेही जाताना देवश्री खिडकीशी बसते आणि रस्त्याने चाललेल्या बायका बघत राहते. चेहरे तिला नको असतात. बस पुढे निघून जायच्या आधी ती त्यांच्या पाठी बघून घेते, विशेषतः जिच्या कडेवर मूल असेल तिची.